निरंबा पुसला त्या दिवशी

ओलं फडकं पिळून सरांनी आधी समुद्र पुसला. मग किनाऱ्यावरची तीन बंदरं, मग खाडीवरचा पूल. वर्ग चिडीचूप. एरवी खडूचा तुकडा खाली पडला तरी खिदळणारी नववीची पोरं आज घरातलं माणूस गावाला निघाल्यासारखी फळ्याकडे बघत होती.

"सर, निदान धरण तरी राहू द्या ना," मागच्या बाकावरून एकजण म्हणाला.

"राहू दिलं तर उद्या पेपरात लिहून याल."

"नाही लिहिणार सर. आईशप्पथ!"

"शपथा नकोत," सर म्हणाले आणि त्यांनी धरणावरून फडकं फिरवलं. फळ्यावर ओला काळा पट्टा उमटला आणि दुपारच्या उन्हात हळूहळू सुकत गेला.

दर सहामाहीला हे असंच चालायचं. समाजशास्त्राच्या उजळणीचा आठवडा आला की सर पुस्तक मिटून बाजूला ठेवत आणि जगाच्या कुठल्याही नकाशात नसलेल्या एका देशाची वेडीवाकडी हद्द फळ्यावर काढत. नाव पोरांनी ठेवायचं, नद्या पोरांनी सोडायच्या, भांडणंही पोरांनीच लावायची. डोंगरावरच्या लोकांनी पाणी का अडवलं? सभागृहात कुणाला किती जागा? तह झाला तेव्हा कोण फसलं? पुस्तकातलं जे घशाखाली उतरता उतरत नसे, ते या देशात पोरं गप्पा मारता मारता पचवून टाकत. यंदाच्या देशाचं नाव होतं निरंबा. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तो पुसायचा, पुसून झाला की सरांनी एकच वाक्य बजावायचं: "उद्या पेपरात खरे देश लिहायचे." बारा वर्षांत एकाही पोराची गफलत झाली नव्हती. फळा पुसला जाताना डोळ्यांनी पाहिला की डोक्यातला देशही आवरून निघतो, असा सरांचा पक्का समज होता.

फडकं बादलीत टाकून ते वळले, तेव्हा खिडकीजवळचं बाक रिकामं दिसलं.

"खिडकी कुठंय?"

"आली नाही सर."

खिडकी म्हणजे त्या बाकावर बसणारी मुलगी. वर्षभर बाहेर बघत बसायची म्हणून पोरांनी हे नाव पाडलं होतं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. मागच्या सहामाहीत समाजशास्त्रात तिला शंभरात अकरा पडले होते. पुन्हा नापास झाली की शाळा बंद, असं तिच्या बापाने सरांना तोंडावर सांगितलं होतं. आत्याची लाँड्री होती, आणि आत्याने इस्त्रीचं एक टेबल आधीच रिकामं करून ठेवलं होतं. "पोरीला उभं राहायची सवय होईल," असं ती म्हणाली होती म्हणे.

पण निरंब्यात या मुलीला कंठ फुटला होता. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "धरण बांधलं तर पाठीमागची गावं कुठं जाणार?" आणि त्यानंतर चार दिवस वर्ग तिच्या मागोमाग त्या देशात फिरत राहिला. कुठल्या गावाला किती दिवसांची मुदत मिळाली, कोण आधी निघालं, कोण दाराच्या चौकटी काढून डोक्यावर घेऊन गेलं, सगळं तिला ठाऊक. बोलताना तिची नजर खिडकीबाहेरच असायची, पण आता ती तिथे काहीतरी बघून सांगतेय असं वाटायचं. पंखा घरघरत असायचा, खडूची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत असायची, आणि सरांना क्षणभर खरंच वाटायचं की फळ्यातून पाण्याचा आवाज येतोय. एकदा तर ते टेबलाला टेकून उभ्या उभ्या पेंगले होते. पोरं पोट धरून हसली होती.

तिला निरोप धाडायला हवा, सरांच्या मनात आलं. तिच्या गल्लीत राहणाऱ्या मुलीला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि नेमकी घंटा झाली. दारात शिपाई उभा होता, बैठक व्यवस्थेसाठी मुख्याध्यापक बोलावत होते. मग आकडे, बाकं, वर्गांची अदलाबदल, आणि निरोप पार डोक्यातून निघून गेला.

परीक्षेच्या दिवशी सरांची देखरेख दुसऱ्या वर्गावर होती. व्हरांड्यातून जाताना त्यांनी डोकावून पाहिलं. खिडकी मान खाली घालून लिहीत होती. एकदाही बाहेर बघत नव्हती. पुरवणी मागायला तिने हात वर केला आणि सरांना हायसं वाटलं. लिहितेय पोर, सुटली एकदाची, असं मनाशी म्हणत ते पुढे गेले.

चौथ्या दिवशी भूगोलाच्या मोठ्या बाई शिक्षकखोलीत आल्या, तेव्हा त्यांच्या एका हातात उत्तरपत्रिका होती आणि दुसऱ्या हातात शाळेचा जाडजूड नकाशासंग्रह.

आपल्या वर्गाचे पेपर आपण तपासायचे नाहीत, असा शाळेचा नियम होता, आणि नववीचे पेपर यंदा मोठ्या बाईंकडे गेले होते. तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई. अर्धा गुण द्यायचा तर आधी चष्मा पुसायची. नकाशासंग्रहावर पेन्सिलीची रेघ जरी दिसली तरी पोराला आठवडाभर वर्ग झाडायला लावायची. पोरं त्यांना मागे फूटपट्टी म्हणत, आणि शिक्षकही म्हणत, फक्त आवाज जरा खाली ठेवून.

"सर, निरंबा कुठे आला?" बाईंनी विचारलं.

सरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"सूची दोनदा पाहिली," बाई म्हणाल्या. "जुन्या नावांचीही पाहिली. नाही सापडला. धरणामुळे होणारं विस्थापन, कारणं, परिणाम, उपाय, कोणत्याही एका देशाचं उदाहरण देऊन लिहा, असा प्रश्न होता. दहा गुणांचा. या मुलीने पाच पानं लिहिलीत."

सरांनी सगळं सांगून टाकलं. देश, फळा, फडकं, रिकामं बाक, राहून गेलेला निरोप. काही हातचं राखलं नाही. "चूक तिची नाही बाई, माझी आहे. देश पुसताना ती नव्हती. तिच्या लेखी तो अजून आहे."

बाईंनी ऐकून घेतलं. "म्हणजे उत्तर खोटं."

"हो."

"मग शून्य. बाकीचे मिळून एकतीस होतात."

पास व्हायला पस्तीस लागत. सरांना ते टेबल दिसलं, इस्त्रीची वाफ दिसली. आपल्या हाताने पोरीचं वाटोळं केलं, असं त्यांना वाटलं. बारा वर्षं ज्याचं कौतुक करून घेतलं तेच अंगाशी आलं होतं.

"पाच गुणांच्या आत कमी पडत असतील तर तोंडी घेता येते," बाई नकाशासंग्रहाच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत म्हणाल्या. "दोन शिक्षकांसमोर. पाच गुणांची. नियम आहे. बोलवा तिला."

खिडकी आली आणि दारातच थांबली. वेणी अर्धी सुटलेली, हाताला शाई. बाईंनी तिला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, तर ती कडेवर टेकली.

"निरंबा नावाचा देश नाही, हे तुला माहीत नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"माहीत होतं ना," ती म्हणाली.

सरांनी झटकन वर पाहिलं.

"अगं, मग? त्या दिवशी तू आली नव्हतीस, म्हणून मला वाटलं..."

"मुद्दामच नाही आले सर. पुसताना बघवलं नसतं." तिने मान खाली घातली. "पेपरात आधी खरा देश लिहायला घेतला होता. पुस्तकातला. दोन ओळी लिहिल्या पण. पण तिथं कोण राहतं तेच मला माहीत नाही. मग खोडलं."

बाईंनी उत्तरपत्रिका उघडली. वरच्या दोन ओळी खरंच खोडलेल्या होत्या. मग बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हा चष्मा अर्ध्या गुणासाठी पुसला जातो, हे सरांना ठाऊक होतं.

"धरण बांधलं की गावं का उठवावी लागतात?"

"पाणी मागे साठतं म्हणून. सखल जमीन आधी बुडते, आणि गावं सखल जमिनीवरच असतात, नदीजवळ. शेती तिथंच बरी होते ना."

"लोकांना बदली जमीन दिली तर प्रश्न मिटतो?"

"अर्धा मिटतो. जमीन मिळते, शेजार मिळत नाही. एका गावाची माणसं पाच गावांत वाटली जातात. म्हणून निरंब्यात," ती अडखळली, "म्हणजे कुठंही, गाव एकत्रच हलवायला पाहिजे. आणि सभागृहात त्यांचं माणूस पाहिजे. नाहीतर ठरवणारे सगळे खालचे, ज्यांना पाणी मिळणार ते."

सरांचा जीव भांड्यात पडला. पोरगी बोलत होती. हे सगळं पुस्तकातच होतं, सत्त्याण्णवव्या पानावर, फक्त तिथं ते असं बोलत नव्हतं.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आता पुढचा प्रश्न, असं वाटलं. पण त्या उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान उघडून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावरून सरकत त्यांच्या हातावर आलं.

"इथं लिहिलंयस, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडालेल्या शाळेची भिंत वर येते. लोक बघायला येतात."

"हो."

"येऊन काय करतात?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. सरांनी बाईंकडे पाहिलं, पण बाई मुलीकडे बघत होत्या.

"काही नाही करत," खिडकी म्हणाली. "चिखल वाळला असेल तर आत चालत जातात. आपलं घर कुठं होतं ते पावलं मोजून शोधतात. सापडलं की तिथं चपला काढतात."

"चपला कशाला?"

"घरात जाताना काढतात ना, बाई."

व्हरांड्यात शिपाई बादल्या सरकवत होता. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"जा तू," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त जरा बसलेला. "पाचपैकी चार. एक कापलाय. देश नकाशात नाही म्हणून."

मुलीला आधी कळलंच नाही. मग ओठ हलवत तिने एकतीसात चार मिळवले आणि ती इतकी जोरात उठली की खुर्ची मागे आपटली. "सॉरी बाई! थँक्यू बाई! सर, घरी सांगून येऊ?" उत्तराची वाट न बघता ती धावत सुटली. व्हरांड्यातली बादली कलंडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ शिपायाचा आरडाओरडा.

सरांना हसू आवरेना. डोळ्यांत पाणीही आलं, ते त्यांनी लपवलं नाही. "बाई, तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले. नियम आहे." बाईंनी उत्तरपत्रिका गठ्ठ्यात घातली आणि गठ्ठा उचलला. दारापर्यंत गेल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, "पुढच्या वेळी देश पुसाल तेव्हा मला बोलवा. आधी बघायचाय."

"नक्की."

"आणि पावलं मोजायला लागत नाहीत, सांगा तिला. पायांना कळतं."

त्या गेल्या. सर वाक्याचा अर्थ लावत बसून राहिले. चहा गार झाला होता, ऊन टेबलाच्या कडेला पोचलं होतं, आणि बाई नकाशासंग्रह विसरून गेल्या होत्या. तो कपाटात ठेवायला म्हणून सरांनी उचलला, तर मध्येच एका पानावर आपोआप उघडला, वर्षानुवर्षं त्याच पानावर उघडत आल्यासारखा.

पानावर डोंगर होते, एक नदी होती, आणि नदीवर धरणाचा मोठा निळा जलाशय. त्या निळ्यात काहीच छापलेलं नव्हतं. पण मधोमध पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता, पुसट झाला की पुन्हा गडद केलेला, कितीतरी वेळा. आणि त्याच्या शेजारी, फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ, ओळखीच्या अक्षरात एकच शब्द होता.

शाळा.

सरांनी पान हलकेच मिटलं. मग नकळत पायांतल्या चपला काढल्या, कपाटापर्यंत अनवाणी गेले, आणि नकाशासंग्रह जागेवर ठेवून दिला.