आप्पांना ऐकू येत नाही

"काका, अहीं तमने मजा आवशे, मजा!" मॅनेजर माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या डाव्या कानात तोंड घालून गुजरातीत ओरडला.

आप्पा म्हणाले, "हं?"

मॅनेजरने आणखी जोर लावला तशी त्याची थुंकी आप्पांच्या गालावर उडाली. आप्पांनी ती सदऱ्याच्या बाहीने पुसली. माझा धाकटा भाऊ हेमराज हसला. "रहेवा दो साहेब, एमने कशुं संभळातुं नथी," म्हणाला. यांना काही ऐकू येत नाही, हे तो दर माणसाला असं सांगतो, जणू स्वतःच्याच सहनशीलतेचं कौतुक करून घ्यायचंय.

कडोदऱ्याच्या पुढे, हायवे सोडून आत, हा आम्ही पाहिलेला दुसरा वृद्धाश्रम. सकाळी पाहिलेला पर्वत पाटियाजवळचा होता. तिथली माणसं बरी वाटली, पण मनीषाने, म्हणजे हेमराजच्या बायकोने, नाक मुरडलं. तो आश्रम त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, तिथे हवा येत नाही. इथे हवा भरपूर होती आणि तिला कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचा वास होता.

आप्पांनी भेस्तानच्या कारखान्यांत अडतीस वर्षं लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवले. बारा तासांची पाळी, एका शेडमध्ये शंभर लूम. कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही, कारण शेडमध्ये धडधाकट कानांनाही काही ऐकू येत नाही. तिथे माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, जोडीला बोटं. मी सातवीत होते तेव्हापासून माझं लग्न होईपर्यंत त्यांचा डबा नेत होते. दारातून मी नुसते ओठ हलवायचे, आईचा ताप उतरला, आज गिलक्याची भाजी आहे, आणि चार लूमच्या पलीकडून आप्पांना सगळं कळायचं, आणि त्यांच्या ओठांवरचं मला.

हेमराजला यातलं काही ठाऊक नाही. पोराचे कान शाबूत राहावेत म्हणून आप्पांनी त्याला कारखान्याची पायरी चढू दिली नाही. ते शाबूत कान घेऊन तो आता दिवसभर मोबाइलवर साड्यांची दलाली करतो.

तर हेमराजच्या घरात जो तो आप्पांच्या कानाशी जाऊन बोंबलतो. तोंड कानाशी गेलं की ओठ दिसत नाहीत, मग आप्पा "हं?" म्हणतात. मग सगळ्यांची खात्री पटते, म्हातारा ठार बहिरा, त्याच्यापुढे काहीही बोला. मी कधी कोणाला सांगितलं नाही. खरं सांगते, मला त्यात मजा वाटायची. म्हटलं, बोला काय बोलायचं ते. आपण कोणासाठी कान घालवले, हे आप्पांनाही कळू दे.

मॅनेजरने आम्हाला ऑफिसात बसवलं आणि रंगीत पुस्तिका दिली. भजन, योगासनं, वाढदिवसाचा केक. आप्पा समोर भिंतीशी, दाराजवळच्या खुर्चीत बसले. तिथून आम्हा चौघांचीही तोंडं त्यांना स्वच्छ दिसत होती.

"दर रविवारे आववुं पडे?" हेमराजने विचारलं, यावंच लागतं का म्हणून.

"ना रे ना! घणा तो दिवाळीए पण नथी आवता," मॅनेजर म्हणाला. कित्येक जण दिवाळीलाही फिरकत नाहीत, हे त्याने असं सांगितलं की जणू आश्रमाची ती एक सोयच. हेमराजचा चेहरा खुलला. लाज म्हणून नाही त्या चेहऱ्यावर.

मग मनीषा सरसावली. "पहाटे चारला उठतात हो. बादली आपटतात. त्यांना आवाज कळत नाही, पण आम्हाला तर कळतो ना! आमच्या मुलीचं, धनश्रीचं बारावीचं वर्ष आहे." जरा थांबून गोड आवाजात म्हणाली, "आणि काही झालंच, तर रात्रीचा फोन नका करू. सकाळी केला तरी चालेल."

मॅनेजरने मान डोलावून तेही फॉर्मवर लिहून घेतलं. आप्पांचे डोळे मनीषाच्या तोंडावर होते. हात मांडीवर, चेहरा जसाच्या तसा.

माझ्या अंगाची नुसती आग झाली. "हेमराज, काही वाटतं का रे तुला? कोणासमोर बोलताय तुम्ही?"

"ताई, तुला ड्रामाच करायचा असतो," हेमराज म्हणाला. "त्यांना कुठे ऐकू येतंय?"

"एवढं वाटतं तर तुम्हीच न्या ना ताई," मनीषा म्हणाली. "गजेंद्र पुण्याला गेल्यापासून खोली रिकामीच आहे तुमची."

गजेंद्र माझा मुलगा. खोली रिकामी होती, हे खरं होतं. मी उठले आणि खिडकीशी जाऊन, बाहेर बघत म्हणाले, "मला नाही जमणार. आमच्या ह्यांना चालायचं नाही."

ह्यांना मी विचारलंही नव्हतं.

वळून पाहिलं तर आप्पांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ते उघड्या दारातून अंगणात बघत होते. पलीकडच्या बाकावर एक वाळकुडा म्हातारा बसला होता आणि त्याची बोटं चालली होती. आप्पांचीही चालली होती. लूमवाला लूमवाल्याला कसा ओळखतो कोण जाणे. आप्पांनी पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवया उंचावल्या.

"जेवन बरं शे," समोरचे ओठ आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाले. आवाज नाही. "मारतस नही." जरा वेळाने, "भेटाले कोनी येत नही."

आप्पांनी मान हलवली. मॅनेजरच्या सोळा पानी पुस्तिकेत यातली एकही गोष्ट नव्हती.

मग ते उठले आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "मी आठेच ऱ्हासू. आजपासून."

"आप्पा, घाई नाही, विचार करा!" हेमराज त्यांच्या कानात ओरडला. पेन त्याच्या हातात आधीच होतं.

"बघा, इथे राहायचं त्यांनीच ठरवलं," मनीषा म्हणाली. "उद्या कोणी म्हणायला नको, आम्ही टाकलं म्हणून."

इथे राहायचं म्हणजे काय, कशाबद्दल चाललंय, हे त्या बहिऱ्या माणसाला कळलं कसं, असा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. हेमराजने गाडीच्या डिकीतून आप्पांच्या कपड्यांची पिशवी आणली. ती सकाळपासूनच तिथे होती. 'नुसतं बघून येऊ' म्हणून घरून निघालेली माणसं ही! पिशवी आप्पांच्या पायाशी ठेवून, पाया पडल्यासारखं करून दोघं गाडीकडे गेली.

मी मागे राहिले. आप्पा अंगणात जाऊन त्या म्हाताऱ्याशेजारी बाकावर बसले होते. "लोटू शे," त्यांनी मला ओळख करून दिली. "पांडेसरामा लूमवर व्हता, बत्तीस वरीस." मी अगदी समोर उभी राहिले, डब्याच्या दिवसांत उभी राहायचे तशी, आणि आवाज न काढता म्हणाले, "आप्पा, मी दर रविवारी येईन. ते दोघं काय बोलले ते मनावर घेऊ नका. नीच आहेत."

आप्पांनी ते पुरतं वाचलं. मग त्यांनीही आवाज न काढता उत्तर दिलं.

"त्या दोन्ही मन्हा तोंडवर बोलनात. त्यास्ले मालूम नव्हतं." ओठ सावकाश हलत होते, मला नीट कळावं म्हणून. "तुले मालूम व्हतं. तू पाठ फिराई."

 मी सांगू लागले. खोली लहान आहे, ह्यांचा स्वभाव असा, तुम्हाला जिना चढवला नसता, मी एकटी कुठे कुठे पुरणार. ओठ भराभर हलत होते. मध्येच माझा आवाज फुटला आणि लोटूने अवघडून दुसरीकडे तोंड केलं.

आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. झोप आली नव्हती त्यांना, पाठ ताठ होती आणि पिशवीचा बंद बोटांत घट्ट धरलेला होता. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. फाटकाबाहेर हेमराज हॉर्न वाजवत होता.