ओळखपत्रावरचा अंबाडा

आपल्या स्टुडिओतून कुणी कुरूप होऊन जाता कामा नये, हे त्या फोटोग्राफरचं ब्रीद होतं. कुणाची पुटकुळी पुसायची, कुणाच्या टकलावर चार केस पेरायचे. गिऱ्हाईकाला विचारायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी त्याची थोरली बहीण दारात उभी राहिली आणि त्याच्या हातातला कॅमेरा पडता पडता वाचला. तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून राबलेली बाई. घट्ट अंबाडा आणि फिकट ओठ, हीच तिची ओळख. आज केस कानांपर्यंत कापलेले, पांढरे ते पांढरेच ठेवलेले, आणि ओठांवर चक्क डाळिंबी लिपस्टिक!

"ताई, हे काय गं? या वयात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. सोमवारपासून मी नर्सिंगच्या शाळेत शिकवणार आहे. ओळखपत्राचा फोटो काढ आणि तिकडे पाठवून दे."

फोटो काढला. पण ताई गेल्यावर त्याला राहवेना. पोरीसोरी हसतील तिला! त्याने जुना फोटो शोधला, त्यातला अंबाडा उचलून नव्या फोटोवर बसवला, ओठांचा रंग उतरवला आणि तोच फोटो शाळेला पाठवला. बहिणीची लाज राखली, या समाधानात तो पोटभर जेवला.

सोमवारी दुपारी ताई परत आली. रखवालदाराने तिला आत सोडलंच नव्हतं. शाळेने फाटकावर ठेवलेल्या ओळखपत्रावरची बाई वेगळी आणि समोरची वेगळी, त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? वर्गात मुली वाट बघत बसल्या आणि बाई पहिल्याच दिवशी फाटकाबाहेर.

"ताई, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"ठाऊक आहे रे." ती खुर्चीत बसली. "इस्पितळात नियम होता म्हणून अंबाडा घातला. घरी वेळ नव्हता म्हणून तोच ठेवला. मला तो आवडतो का, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. नोकरी संपली त्या दिवशी आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःलाच विचारलं. हे केस म्हणजे माझं उत्तर आहे. तू ते पुसलंस."

फोटोग्राफरला गेल्या वर्षीची एक मुलगी आठवली. तिच्या गालावरचा डाग त्याने न विचारता काढला होता. फोटो बघून ती तो टेबलावरच टाकून निघून गेली. तेव्हा त्याला ती उद्धट वाटली होती. आता त्याची मान खाली गेली.

त्याने दिवे लावले. "ताई, फोटोत काय बदलू?" आयुष्यात पहिल्यांदाच त्याने हा प्रश्न विचारला.

"काही नको. थांब जरा, लिपस्टिक पुसट झालीय."

दुसऱ्या दिवशी रखवालदाराने नव्या ओळखपत्राकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि फाटक उघडलं.

मंडळी, माणूस आतून बदलला की कधी कधी ते केसांत, कपड्यांत, ओठांवर उमटतं. ते आपल्याला आवडलंच पाहिजे असं नाही. पण प्रेमापोटीसुद्धा ते पुसायचा हक्क आपल्याला नाही. आधी विचारावं, आणि मिळेल ते उत्तर मानावं.