बाहेरून लावलेली कडी

“दार आतनं उघडत न्हाय म्हंजे गोठाच की गं ह्यो, संयोगिता,” माझ्या चौकटीला हळदीकुंकू लावता लावता धोंडुबाई म्हणाल्या. मंगळवार पेठेतल्या या शेजारीणबाई माझ्या पूजेला नारळ घेऊन आल्या होत्या.

संयोगिता हसली. “काकू, आमचा यशराज अजून चार वर्षांचा. दार आतून उघडून हायवेवर पळाला म्हणजे? बाहेरून कडी आहे तीच बरी.”

“पोराचा गोठा कर मग,” धोंडुबाई म्हणाल्या आणि नारळ फोडून मोकळ्या झाल्या.

मित्रांनो, तो गोठा म्हणजे मी. जीपला जोडून ओढायची, चाकांवरची एक खोली. माझा सांगाडा मूळचा कागलच्या एका उसाच्या ट्रॉलीचा. ऊस वाहून वाहून ती खिळखिळी झाली, तेव्हा संयोगिताच्या नवऱ्याने, धैर्यशीलने, ती भंगारातून उचलली आणि शिरोली एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये तिच्यावर पत्र्याच्या भिंती चढवल्या. आत खाट, शेगडी आणि मागच्या कोपऱ्यात पडद्याआड एक कमोड. खरे तर सगळा खटाटोप त्या कमोडसाठीच होता. म्हणजे आबांसाठी.

आबा म्हणजे धैर्यशीलचे वडील, हंबीरराव. जन्मभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, पण शिकवलेली ठिकाणे बघायला कधी सवड झाली नाही. सवड मिळाली तेव्हा गुडघे धरले आणि लघवी थांबेना. प्रवास म्हटला की भीतीने पाणीच प्यायचे नाहीत. “मला कशाला नेतायसा? मी पुस्तकात बघितलंय की सगळं,” म्हणायचे. कमोड असलेल्या या फिरत्या खोलीची युक्ती संयोगितानेच काढली होती. सासऱ्यांना सोय हवी हे तिने ओळखले. ते तोंडाने कधीच सांगणार नाहीत, हेही ओळखले.

माझे चांगले दिवस तेव्हाचे. पन्हाळ्यावर तीन दरवाजाजवळ आबांनी नातवाला खांद्याला धरून दगडातले कोरीवकाम दाखवले. खिद्रापूरच्या देवळात हत्तींच्या रांगेवरून हात फिरवत ते इतका वेळ उभे राहिले की धैर्यशीलला खुर्ची आणावी लागली. जिथे थांबू तिथे माणसे माझ्याभोवती जमायची.

“पावणं, ह्यात आंघूळ बी करता येती व्हय?”

“आंघोळ न्हाय, पण पोहे होतात. या की आत,” आबा म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मग एका एप्रिलमध्ये आम्ही विजापूरला गोलघुमट बघायला गेलो. मला एका झाडाखाली लावले. वरच्या सज्ज्यात कुजबुजलेलेही पलीकडच्या माणसाला ऐकू येते, हे आबांनी वाटेत यशराजला रंगवून सांगितले होते; पण तिथला अरुंद जिना त्यांच्याने चढवणार नव्हता. “तुम्ही या जाऊन. मी बागेत बाकावर बसतो,” ते म्हणाले. मंडळी गेली. थोड्याच वेळात आबांना घाई लागली, आणि ते काठी टेकत माझ्याकडे आले.

ते पडद्याआड होते तेव्हा संयोगिता यशराजची टोपी न्यायला धावत आली. आबांनी तिची पावले ओळखली. एक खोकला पुरला असता. पण सून दाराशी, आणि आपण असे बसलेले. आबा श्वास रोखून गप्प राहिले. आणि संयोगिता? आबांच्या त्या पडद्याकडे बघायचेही नाही, हा तिने स्वतःला घातलेला दंडक होता. कडी निघालेली पाहून ती आपणच घालायची विसरलो, असे तिला वाटले. तिने टोपी उचलली, वळून दार ओढले आणि कडी घातली. पुन्हा एकदा हलवून पाहिली. ती नेहमीच दोनदा बघते.

मित्रांनो, माझे अंग पत्र्याचे. ऊन झाडावरून सरकून माझ्या टपावर आले. आबांचा फोन जीपमध्ये चार्जिंगला. आधी त्यांनी हळूच हाक मारली, “संयोगिता, दार काढ की.” मग काठीने दार ठोकले. जाळी मारलेल्या खिडकीची एक काच वीतभर सरकली, पण शेजारच्या सहलीच्या बसमध्ये मोठ्याने गाणी चालू होती. पाण्याची कळशी सकाळीच रिकामी झालेली. त्यांनी मग सगळ्यांना हाका मारल्या. शेवटी शेवटी तर स्वतःच्या आईला. मी ऐकत होते. मला चाके आहेत, तोंड नाही.

मंडळी आली तेव्हा बाक रिकामे होते.

“ट्रॉलीत बघितलंस?” धैर्यशीलने विचारले.

“कडी बाहेरून आहे. मीच घातली. आत कसे असतील?”

आणि ते माझ्याकडे पाठ करून निघाले. बाग, संग्रहालय, रस्त्यावरची रसवंती, सगळीकडे शोधले. तेवढा वेळ गेला. शेवटी यशराज रडायला लागला, म्हणून त्याची बिस्किटे काढायला संयोगिताने कडी काढली.

आबा खाली पडले होते. ओठ पांढरे, सदरा घामाने भिजून परत वाळलेला.

दवाखान्यात सलाईन लागले. आबा वाचले. ते शुद्धीवर आले तेव्हा संयोगिता त्यांच्या पायाशी बसली होती. ते म्हणाले, “अगं, मला झोप लागली हुती. काय कळलंच न्हाय बघ.” तिने त्यावर विश्वास ठेवला. त्यांनी तिच्या नावाने किती हाका मारल्या, हे फक्त मला ठाऊक आहे.

धैर्यशीलने घरी आल्या आल्या माझ्या दाराला दोन्हीकडून उघडणारी मूठ बसवली. तिला अजून कुणी हात लावलेला नाही. मी घरामागे ताडपत्रीखाली असते. समोर आबांच्या खोलीची खिडकी आहे. संयोगिता दिवसातून कितीदा तरी त्या खोलीच्या दाराशी येते. “आबा, काही हवंय?” “न्हाय गं. बरं हाय.” ती जाते. ती गेल्यावर ते तांब्या हलवून बघतात. तो रिकामा असतो. तो ते परत ठेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. त्या दुपारपासून आबा कुणालाच हाक मारत नाहीत. मारून उपयोग होतो, हे त्यांना खरे वाटत नसावे.

मला घरच्यांना हे सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मित्रांनो, कधी मंगळवार पेठेत आलात तर आबांकडे डोकावून या. “बरं हाय” म्हणतील. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, तांब्या उचलून बघा, त्यांच्याजवळ जरा बसा.

आणि इतक्या लांब येणे होणार नसेल, तर तुमच्याच घरात जे कधी काही मागत नाहीत त्यांच्याकडे जा. आत्ता जा. मी इथेच आहे.