पडदे ओढलेला तास

खेळाच्या बाई स्वतः अंगाने भरलेल्या होत्या. जिने चढताना त्यांना धाप लागे, आणि मुलांना ते दिसू नये म्हणून त्या मधेच थांबून भिंतीवरची चित्रं बघत बसत.

मुलांची वजनं वाढताहेत म्हणून त्या वर्षी शाळेने उपाहारगृहातली गोड पेयं बंद केली आणि रोज एक तास हालचालीचा ठरवला. तो तास बाईंच्याच गळ्यात पडला.

"मुलांची वजनं एकेकाला बोलावून, दार लावून घेईन. चालेल?" त्यांनी मुख्याध्यापिकांना विचारलं.

"चालेल की. पण पोरं हलली पाहिजेत हं!"

पोरं हलली. एक गोटी तेवढी हलेना. आईने लाडाने ठेवलेलं हे नाव वर्गाने चिडवायला उचललं होतं. तास सुरू झाला की ती पोट धरून बाकावर बसे.

"काय होतंय गं?"

"गोळा येतो, बाई."

"आणि तास संपला की जातो?"

गोटीने मान खाली घातली. मग पुटपुटली, "सगळे बघतात."

बाई तिच्याशेजारी बाकावर टेकल्या. त्यांचीही तीच तर रड होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सभागृहाचे जाड निळे पडदे ओढून घेतले. उन्हाचा रंगच बदलला. तळ्याच्या तळाशी असावा तसा मऊ, निळसर उजेड सगळीकडे पसरला. मग त्यांनी संथ संगीत लावलं.

"डोळे मिटा. आपण पाण्याखाली आहोत. पाणी नेईल तसं जायचं."

सुरुवातीला खुसखुस झाली, मग तीही विरघळली. उरली फक्त पावलांची सळसळ. बाईंनीही डोळे मिटले. त्यांचे हात आपसूक वर गेले, आणि आपल्याला वजन आहे हेच त्या विसरून गेल्या. किती वेळ गेला कोण जाणे. स्वतःचाच नियम मोडून त्यांनी एक डोळा किलकिला केला. बाक रिकामा होता. सभागृहाच्या मधोमध गोटी हात पसरून सावकाश गिरकी घेत होती, जणू खरंच कुणी तिला अलगद वाहून नेत होतं.

तेवढ्यात दार उघडलं.

"अहो, काय चाललंय काय इथे अंधारात?" मुख्याध्यापिकांचा आवाज आला. उजेडाचा पट्टा थेट गोटीवर पडला. सगळ्यांचे डोळे उघडले आणि तिच्यावर खिळले.

"ए गोटी," मागून एक पोरगी म्हणाली, "तोल न जाता कशी फिरलीस गं? मला दाखव ना."

गोटीने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग हळूच म्हणाली, "टाच टेकायची नाही. असं."

मुख्याध्यापिकांनी दार लावून घेतलं. आतून.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर गोटीच्या आईने बाईंना फाटकापाशी गाठलं. "काय जादू केलीत हो? ही गाडीवर बसायला तयारच नाही. चालत जाऊ म्हणते. माझ्या पायांचे तुकडे पडायची वेळ आलीय!"

"चला, मीही येते," बाई म्हणाल्या.

संध्याकाळच्या सोनेरी धुरकट उन्हात तिघी निघाल्या. गोटी पुढे पुढे, मधेच भिरभिरत. बाईंना धाप लागली होती, पण 'जरा हळू गं' असं म्हणावंसं मात्र त्यांना वाटलं नाही.