नापास होण्याची विनंती

परीक्षेला बसणाऱ्या बाईला तिच्याच मास्तरणीने नापास व्हायला सांगावं, असं कधी कुणी ऐकलंय? थोरलीनेही ऐकलं नव्हतं. म्हणून वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला जिन्यापाशी गाठून तसं सांगितलं, तेव्हा तिला आधी थट्टाच वाटली.

थोरली दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा टरारून फुगलेल्या. मुकादम म्हणाला होता, "कोठीतली जागा रिकामी होतेय. चादरीवरचं नाव वाचून ज्या त्या वॉर्डाच्या फळीवर लावायची, बसून काम. साक्षरतेची परीक्षा पास हो, जागा तुझी." झालं! थोरलीने संध्याकाळच्या वर्गाला एकदाही दांडी मारली नाही, वर घरात कोंडून बसलेल्या धाकट्या जावेलाही हाताला धरून नेऊन नवख्यांच्या तुकडीत बसवलं. धाकटीची जोडाक्षरांशी अजून झटापट चालली होती. पण परवा बसची पाटी तिने आपली आपण वाचली आणि भर रस्त्यात टाळी वाजवली.

"सरकार पैसे देतं ते अडाण्यांच्या डोक्यामागे," बाई सांगत होत्या. "तुम्ही जुन्या सगळ्या पास झालात, तर इथे अडाणी उरलेत कुठे म्हणतील आणि वर्गाला कुलूप लावतील. पलीकडच्या वस्तीत तेच झालं. मग धाकटीसारख्या अर्ध्यावर आहेत त्यांनी काय करायचं? तुम्ही हुशार तेवढ्या या खेपेला मागे राहा. सहा महिन्यांनी परीक्षा आहेच. आणि हे घरीसुद्धा बोलू नकोस गं, माझी नोकरी जाईल."

बाईंची चूलही त्याच अनुदानावर पेटते, हे न कळायला थोरली काही दुधखुळी नव्हती. तरी तिला बसच्या पाटीखाली टाळी वाजवणारी धाकटी दिसली. जागा तेवढे दिवस राखशील का, असं तिने मुकादमाला विचारलं. "सरकारी काम आणि सहा महिने थांब," तो हसला. "थांबतो बाई."

परीक्षेला एक कोवळा साहेब आला होता. त्याने छापील कागद पुढे केला. पाणी उकळून प्यावं, असा काहीतरी मजकूर होता. थोरलीने तोंड घट्ट मिटलं, पण मेले डोळे कुठले ऐकतात? ते पहिल्या ओळीवरून धावत शेवटच्या ओळीपर्यंत गेलेसुद्धा. "येत नाही," ती म्हणाली.

"प्रयत्न करा मावशी. निदान पहिला शब्द?"

"नाही येत."

साहेबाने इतक्या मायेने मान हलवली की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निकाल लागला आणि मोठे साहेब स्वतः आले. साक्षर बाई म्हणजे साक्षर घर, साक्षर घर म्हणजे सुधारलेली वस्ती, असं बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "पण इथे निम्म्याहून जास्त नापास! हा जनतेचा पैसा आहे. जुना नियम गेला. आता निकाल दाखवा आणि अनुदान घ्या." बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नवा नियम त्यांना कुणी कळवलाच नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आठवड्याच्या आत वर्गाला कुलूप लागलं. बाईंना दुसऱ्या कुठल्याशा योजनेत घेतलं. थोरलीला कोण घेणार? वर्ग नाही तिथे परीक्षाही नाही, म्हणून मुकादमाने खालमानेने कोठीची जागा दुसरीला दिली.

जेवताना धाकटीने तोंड सोडलं. "तुझ्यासारख्या ठोंब्यांपायी वर्ग बुडाला. येत नव्हतं तर परीक्षेला मिरवायला कशाला गेलीस?"

थोरलीने हातातला घास परत ताटात ठेवला. बाईंना दिलेला शब्द गेला खड्ड्यात! "मी मुद्दाम नापास झाले," ती म्हणाली.

"हो का? आणि मी मुद्दाम गरीब राहिलेय!" धाकटी खो खो हसली. दोघींचे नवरेही हसले.

थोरलीने फळीवरची खोकल्याच्या औषधाची बाटली ओढली आणि वाचलं, "हे औषध लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. थंड व कोरड्या जागी ठेवावे." कुठे अडखळली नाही. पुढचा बारीक मजकूरही तिने शेवटपर्यंत वाचला.

हसणं थांबलं. धाकटीने आधी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे तुला येत होतं," ती हळूच म्हणाली. "स्वतःला येत होतं आणि माझा वर्ग बुडवलास?"

"तुझ्यासाठीच केलं गं," थोरली म्हणाली. पण धाकटी ताट तसंच टाकून उठून गेली होती.