खिळ्याच्या आधाराने सात महिने

मित्रांनो, गाडीचे बॉनेट उघडले की तुम्ही इंजिनाकडे बघता. कोपऱ्यातल्या बॅटरीच्या डोक्यावर शिशाच्या दोन कड्या घट्ट बसवलेल्या असतात, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. लाल वायरीच्या टोकाला एक असते, काळ्या वायरीच्या टोकाला दुसरी. मेकॅनिक आम्हाला टर्मिनल म्हणतात. मी काळ्या वायरीचा टर्मिनल. आता माझी मान तुटली आहे आणि मी अंगणाच्या कठड्यावर पडून आहे. माझी हकिकत मी सांगतो. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका बेटावर, पाडांग शहरातल्या एका भट्टीत झाला. मोडीत निघालेल्या बॅटऱ्यांचे शिसे वितळवून साच्यात ओतले आणि मी तयार झालो. तिथून मी डोंगरात आलो, सोलोकजवळच्या एका खोऱ्यात, युस्निदारच्या जुन्या व्हॅनमध्ये. युस्निदार त्या खोऱ्याची सुईण. सरकारी परीक्षा दिलेली, पांढऱ्या गणवेशातली. गाडी चालवायचा तिचा नवरा झुलबाहरी. ती त्याला ‘उदा’ म्हणायची. उदा म्हणजे दादा. आमच्याकडे बायका नवऱ्याला दादाच म्हणतात.

पहिली पाच वर्षे माझी फार चांगली गेली. बॅटरीवरचा शिशाचा खुंट माझ्या मापाचा होता. मी त्याला असा धरून बसलो होतो की हाताने हलवू म्हटले तरी हललो नसतो. किल्ली फिरली की माझ्यातून वीज धावायची आणि इंजिन लगेच जागे व्हायचे. पाऊस असो, धुके असो, युस्निदार पिशवी घेऊन बसली की गाडी निघाली. एकशे चाळीसच्या वर बाळंतपणांना मी गेलो आहे. उतरताना ती बॉनेटवर हलकेच थाप मारायची. ती थाप गाडीला असायची, पण त्यातला थोडा वाटा मी माझा समजत असे.

मग बॅटरी संपली. झुलबाहरीने एका लहान गाडीची वापरलेली बॅटरी आणली. तिचे खुंट बारीक होते. माझ्या पोटात खुंट सैल पडू लागला. त्याने नट आवळला. माझी दोन्ही टोके एकमेकांना टेकली, तरी पकड येईना. बाजारात बारीक मापाचे टर्मिनल मिळत होते. तो गेला नाही. लाल वायरीच्या माझ्या भावाच्या पोटात त्याने पत्र्याची पट्टी सारली आणि माझ्या पोटात एक खिळा ठोकला. मग वरून दगडाचे दोन घाव घातले. किल्ली फिरवली, गाडी चालू झाली.

“बघ,” तो बायकोला म्हणाला, “चालतंय ना?”

झुलबाहरी आळशी नव्हता, वाईट तर मुळीच नव्हता. हातात कला होती त्याच्या. तारेच्या तुकड्याने तो रेडिओ बोलता करायचा. कॉफीच्या टपरीवर, आमच्याकडे तिला लापाउ म्हणतात, डॉमिनो खेळताना तो हा खिळ्याचा किस्सा सांगायचा आणि लोक हसून दाद द्यायचे. त्या कौतुकानेच घात केला, असे मला वाटते. ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी होती, तिची त्याला बढाई मारता येऊ लागली.

खिळ्याने मला एकाच जागी टेकू दिला. बाकी सगळीकडे फट. फटीत ओल शिरली, माझ्या अंगावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी धरली. ती भुकटी वायरीच्या आत, तांब्यात चढत गेली. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, कारण त्यांना वीज लागतेच किती? इंजिन उठवायला मात्र खूप लागते, आणि तेवढी सैल टर्मिनलमधून जात नाही. अधूनमधून नुसते ‘टक्’ वाजायचे. झुलबाहरी खाली उतरायचा, मला दगडाने ठोकायचा, पुन्हा किल्ली मारायचा. युस्निदारने तीनदा सांगितले की हे बदला. तिन्ही वेळा तो ‘पुढच्या बाजाराला’ म्हणाला. बाजार दर आठवड्याला भरत होता. असे सात महिने गेले.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला अमाक सानिया राहायची. अमाक म्हणजे आई, वडीलधाऱ्या बाईला सगळे तसेच म्हणतात. तिला एकच मुलगी, एर्लिना, बावीस वर्षांची. मित्रांनो, आमच्याकडे घर, शेत आणि कुळाचे नाव आईकडून मुलीकडे जाते. मुलगे लग्न करून बायकोच्या घरी जातात. म्हणून एर्लिनाला दिवस गेले तेव्हा सगळे घर मुलीची वाट बघत होते. मुलगा झाला. बुधवारी दुपारी, जेवणानंतर. अमाक सानिया हसून म्हणाली की हरकत नाही, पोर तरुण आहे, पुढची मुलगी होईल.

तेवढ्यात रक्तस्राव सुरू झाला आणि थांबेना. युस्निदारने इंजेक्शन दिले, पोट चोळले, सलाईन लावले. मग तिने मान वर केली आणि सोलोकच्या इस्पितळात न्यायचे, आत्ता, असे सांगितले. चार माणसांनी एर्लिनाला चटईसकट उचलून व्हॅनमध्ये ठेवले. सलाईनची बाटली खिडकीवरच्या कडीला अडकवली.

झुलबाहरीने किल्ली फिरवली. टक्.

मला माझ्या परीने सगळे करायचे होते. माझ्या पोटात ठिणग्या उडत होत्या, खिळा तापला होता. पण जे अंगाला लागलेलेच नाही, त्यातून मी वीज कशी नेणार? तो धावत उतरला, दगड घेतला, मला ठोकले. घाई होती, घाव वाकडा बसला. खिळा उडाला आणि इंजिनाच्या फटीतून खाली पडला. तो मातीत गुडघे टेकून खिळा शोधू लागला. मागे एक बाई रक्ताने भिजत होती आणि हा माणूस गाडीखाली खिळा शोधत होता. खिळा सापडेना, तेव्हा त्याने मला तसेच पुन्हा ठोकले, आणि माझी मान तडकली.

माणसांनी गाडी ढकलून पाहिली. घरापासून रस्त्यापर्यंत चढ होता, ती निम्म्यातून मागे आली. मग कोणीतरी मोटारसायकलवर खाली गेले आणि कोबीचा ट्रक घेऊन आले. यात चाळीस मिनिटे गेली. कोबीच्या गोण्यांवर चटई टाकून एर्लिनाला नेले. युस्निदार वर तिच्या उशाशी बसली, बाटली हातात धरून.

एर्लिना वाचली. पण डॉक्टरांना तिची गर्भाची पिशवी काढून टाकावी लागली. थोडे आधी आणले असते तर कदाचित काढावी लागली नसती, एवढेच ते म्हणाले, आणि ते ‘कदाचित’ युस्निदारने घरी आणले.

झुलबाहरीने मला तारेने बांधले आणि गाडी कशीबशी घरी आणली. नऊ दिवस मी तसाच होतो. दहाव्या दिवशी अमाक सानिया आली. बाळंतपण करणाऱ्या सुईणीला मान द्यायची रीत आहे. तिने बांबूत शिजवलेला चिकट भात, एक कोंबडी आणि नवे कापड आणले होते. गाडी अंगणातच उभी होती, बॉनेट अर्धवट उघडे, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

“पोर जिवंत आहे माझी. त्याचं हे,” ती म्हणाली. “घर मात्र माझ्या पोरीनंतर बंद होणार. नातू काय, जाईल कोणाच्या तरी दारी.” मग ती झुलबाहरीकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. “गाडीला नेमकं झालं काय होतं रे?”

“टर्मिनल खराब निघाला, अमाक. हल्ली मालच हलका येतो.”

अमाक सानियाने मान डोलावली. हलक्या मालापुढे माणूस काय करणार! युस्निदारने भाताचा बांबू आत नेऊन ठेवला. मला दगडाचे इतके घाव बसले, पण झुलबाहरीच्या त्या वाक्याइतका एकही लागला नव्हता.

रविवारी सकाळी युस्निदार बाजारात जाऊन स्वतः दोन नवे टर्मिनल घेऊन आली, बारीक खुंटाच्या मापाचे. दुकानदाराला विचारून सगळे समजून घेतले होते तिने. बाही वर केली. बोटातली लग्नाची अंगठी काढून खिडकीत ठेवली, कारण धातू मधे आला तर वीज हात भाजते. झुलबाहरी पायरीवर बसला होता. तो अंगठीकडे बघत राहिला.

“मी केलं असतं ना,” तो म्हणाला.

“सात महिने होते तुम्हाला, उदा.”

तिने आधी मला सोडवले. काळी वायर आधी काढायची, लाल नंतर, हा नियम आहे. ओढाताण केली नाही, पान्याने नट सैल केला आणि मला सरळ वर उचलले. माझ्या मागची वायर तिने कापली. आत तांबे हिरवे पडले होते. ती आणखी मागे कापत गेली, चकचकीत तांबे दिसेपर्यंत. बोटाच्या पेराएवढे रबर सोलले. खायचा सोडा पाण्यात कालवून बॅटरीचे खुंट धुतले, पुसून कोरडे केले, पॉलिश पेपरने घासले. उघडे तांबे नव्या टर्मिनलच्या खोबणीत पूर्ण सारून दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळले आणि वायर जोराने ओढून पाहिली. सुटली नाही. मग लाल आधी, काळा शेवटी, दोघांना हाताने तळापर्यंत दाबून बसवले. दगड लागला नाही. नट आवळले, टर्मिनल मुठीत धरून पिरगाळून पाहिले. हलले नाहीत. वर ग्रीस चोळले. सगळे मिळून अर्धा तास.

मग तिने मला उचलले, माझ्यावरची भुकटी अंगठ्याने पुसली आणि त्याच्यासमोर धरले.

“माल हलका नव्हता, उदा. तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. मी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा गप गाडीत जाऊन बसले. मी अमाक सानियाकडे चाललेय, हे सांगायला. येताय?”

तो म्हणाला की दुपारी माणसे यायची आहेत, कोणीतरी घरी हवे. कोणीही येणार नव्हते.

तिने मला कठड्यावर ठेवले आणि स्वतःच गाडीत बसली. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. माझ्या जागी बसलेल्याचा मला राग आला नाही. मला फक्त त्या दिवशी तिच्याबरोबर वर जायचे होते.

वर काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. ती संध्याकाळी परतली आणि भांडी घासत बसली. पुढच्या महिन्यापासून वरच्या वाडीतल्या बायका दुसऱ्या सुईणीकडे जाऊ लागल्या. खरे सांगितल्याचा हा मोबदला. लापाउवर मात्र झुलबाहरी अजून सांगतो की ऐन वेळी गाडीने दगा दिला, आणि लोक त्याच्या पाठीवर हात ठेवतात.

दर शुक्रवारी सकाळी युस्निदार बॉनेट उघडते आणि दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघते. नंतरच गणवेश घालते.

मित्रांनो, भंगारवाला येईल आणि मला पुन्हा वितळवतील. मला त्याचे दुःख नाही. तुमच्या घरी गाडी असेल तर आज मोठ्यांना बॉनेट उघडायला सांगा आणि आमची पकड तपासायला सांगा. सैल असलो तर खिळा शोधू नका, दगड शोधू नका, पुढच्या बाजाराची वाट बघू नका. मापाचा टर्मिनल आणा. आणि तेही जमणार नसेल, तर निदान उद्या कोणी विचारले की काय झाले होते, तेव्हा आमचे नाव घेऊ नका.