बाहेरचं दार कोण काढतं?

प्लोव्दिवच्या त्या कचेरीत रालित्साइतका झपाट्याने कमांड मारणारा दुसरा कोणी नव्हता, आणि नेमकं तेच तिला नडलं.

शहरातली चाळीसेक औषधांची दुकानं त्यांच्या सिस्टममधून गोदामाकडे माल मागवत. सिस्टम म्हणजे तीसेक छोटे प्रोग्राम, दिवसभर एकमेकांशी बोलणारे. त्या बोलण्यावर नजर ठेवायला रालित्साने सोमवारी सर्व्हिस मेश बसवली, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामशेजारी एक पहारेकरी उभा केला. एका ओळीची कमांड. त्या कमांडला तिने एक जास्तीची मागणी जोडली होती: बाहेर जायला एकच ठरलेलं दार हवं. गोदामवाले त्या एकाच पत्त्यावरून आलेल्या ऑर्डरी घेत.

मंगळवारी साहेब, ओग्न्यान, म्हणाला, "पहारेकरी नुसते बघत बसलेत. काय बघतात ते लिहू देत की."

रालित्साने तीच कमांड पुन्हा मारली, या वेळी नोंदींची मागणी जोडून. नोंदी सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात दुकानांचे फोनही. इन्सुलिनची ऑर्डर जाईना. रालित्साने पाहिलं तर बाहेरचं दारच नाहीसं झालेलं.

तिने दार परत मागितलं. दार आलं, ऑर्डरी वाहू लागल्या. पण नोंदी बंद! नोंदी लावल्या, तर दार गेलं. शेवटी नोंदी सोडून तिने दार तेवढं ठेवलं आणि डोकं धरून बसली. दाराला आपण हात लावला नाही, हे ती आईची शपथ घेऊन सांगायला तयार होती. मग काढतं कोण?

सर्व्हरवर प्रवेश असलेला दुसरा माणूस एकच, ल्युबेनकाका. वय अठ्ठावन्न, करार संपायला तीन महिने बाकी. तो पुढे वाढवायचा की नाही, ते ओग्न्यान याच आठवड्यात ठरवणार होता. काकांना ही मेश पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती. "पंधरा वर्षं सुरळीत चाललं. आता प्रोग्रामलासुद्धा अंगरक्षक लागतो, मंत्रीच की नाही तो," असं ते सोमवारीच सगळ्यांसमोर म्हणाले होते.

बुधवारी सकाळी रालित्साने ओग्न्यानला सांगितलं, "माझ्या मागून कोणीतरी उलटं फिरवतंय." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

ओग्न्यान सगळ्यांदेखत काकांच्या टेबलापाशी गेला. "ल्युबेन, तुझा प्रवेश काढून घेतोय. चौकशी होईपर्यंत."

काकांनी चष्मा काढला. "कसली चौकशी?"

रालित्सा पडद्याकडे बघत राहिली.

दुपारी तिने निर्धास्तपणे पुन्हा नोंदी लावल्या. आणि दार गेलं.

काका तर बाहेरच्या बाकावर बसले होते, हात रिकामे. सर्व्हरवर आता फक्त ती. तिने घाईने दार परत आणलं आणि स्वतःचीच कमांड अक्षर न् अक्षर वाचली. शेवटी सवयीने जोडलेली खूण होती: मला विचारू नकोस, बसवून टाक. तीन दिवस तिने कमांडचा प्रश्न तिच्या तोंडातच दाबला होता. खूण काढून नोंदींची कमांड मारली, तेव्हा पडद्यावर आलं: एवढं एवढं बसवणार आहे, पुढे जाऊ? त्या यादीत बाहेरचं दार नव्हतं.

म्हणजे कमांड चालवणाऱ्या त्या अवजाराला कालचं काही आठवत नव्हतं. दर वेळी ते मूळ यादीपासून सुरू करी, त्यात आज मागितलेलं घाली आणि यादीत नसलेलं उपटून टाकी. तिने पुढे जायला नकार दिला, दोन्ही मागण्या एका फायलीत लिहिल्या आणि ती फाइल कमांडला दिली. दारही राहिलं, नोंदीही. तिला आनंद व्हायला हवा होता, लाज वाटली.

तिने ओग्न्यानला सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "बरं झालं सापडलं. संध्याकाळी देतो त्याला प्रवेश, गुपचूप."

"काढलात सगळ्यांसमोर. द्याही सगळ्यांसमोर," रालित्सा म्हणाली. "आणि दार मी पाडलं, हे मी सांगते."

तिने काकांना आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. ओग्न्यानने काकांचा प्रवेश सुरू केला. करार वाढवतोय, हेही बोलून गेला.

काका तिच्या खुर्चीपाशी आले, वाकून फाइल दोनदा वाचली.

"काका, मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"विचारलं असतंस तरी मला कळलं नसतं, पोरी. हे विसरभोळं अवजार मलाही नवीनच." त्यांनी चष्मा पुसला. "पण दोघं मिळून गोंधळलो असतो. दोन दिवस तू एकटीच गोंधळलीस, आणि आज मी त्या बाकावर."